पोरीला न्यायला या

“काय गं हे?”

“कुठं काय, आत्ती?” म्हणत वैजयंतानं पदर ओढला आणि दंड झाकून घेतला.

पण मला बघायचं ते मी बघितलं होतं. चाळण वर उचलताना पदर घसरला आणि दंडाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा जांभळा डाग दिसला. नागपंचमी तोंडावर आलेली. आमची जयसिंगपुरात चिरमुऱ्याची भट्टी, आणि पंचमीच्या लाह्या म्हणजे भट्टीवाल्यांची दिवाळीच. कढईत वाळू तापलेली, मी झारा मारतेय, लाह्या तडतडतायत, पण माझं सगळं लक्ष त्या दंडावर.

“कढईचा काठ लागला,” ती खाली बघत म्हणाली.

आत्ता गं बया! हे मला सांगतेय ही! भट्टीपुढं माझी निम्मी हयात गेली. कढईचा काठ लागला तर फोड येतो, कातडं सोलून निघतं. जांभळं होत नाही. जांभळं कशानं होतं ते मला कुणी शिकवायला नको. माझा नवरा जिवंत होता तोवर हे सगळे रंग माझ्या अंगावर असायचे. आधी लाल, मग जांभळा, मग हिरवट, मग हळदीसारखा पिवळा. पिवळा पुसायच्या आत पुन्हा लाल. आणि शेजारणींनी विचारलं की मी पण हेच सांगायची, कढईचा काठ लागला म्हणून.

“बरं,” म्हटलं आणि झारा मारत राहिले. पण त्या दिवशी दोन घाणे लाह्या माझ्या हातून करपल्या.

सर्जेराव माझा एकुलता एक. आम्ही त्याला सर्जाच म्हणतो. शिमगा झाल्यावर त्याचं लग्न झालं होतं, म्हणजे नवी नवरीच म्हणायची वैजयंता. चिकोडीच्या बाजूच्या खेड्यातली, तातोबा मगदुमांची थोरली. गोरी, हसरी, कामाला चपळ. आल्या दिवसापासून मला ती आवडली, खोटं कशाला बोलू? आणि सर्जा म्हणाल तर त्यानं कधी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. पण त्याचा बाप तरी काय चढवायचा? चारचौघांत गाईसारखा गरीब होता. सगळी पेठ म्हणायची, शेवंताबाईला नवरा देवमाणूस मिळाला. आमच्याकडं म्हणतात ना, खाण तशी माती.

एकदा मनात असलं काही शिरलं की मग प्रत्येक गोष्ट त्याच वाटेनं जायला लागते. लग्नानंतर लगेच सर्जा मला म्हणाला होता, “आई, तिला भट्टीपुढं बसवू नको. आत बसून पाकिटं भरू दे तिला.”

“का? साखरेची हाय व्हय ती, विरघळायला?”

त्यावर त्यानं आणखी नियम सांगितले. नदीला धुणं धुवायला एकटी जायचं नाही. बाजारात एकटी जायचं नाही. आडावर पाणी शेंदायचं नाही, ते हा शेंदणार. तेव्हा मी हसले होते. म्हटलं, नव्याची नवलाई, बायकोला फुलासारखी ठेवतोय. आता तेच सगळं आठवलं. त्याचा बापसुद्धा मला भाजीवाल्याशी बोलू द्यायचा नाही.

पंचमीला आठ दिवस असताना मी पहाटे उठून परसात भट्टी पेटवत होते. सर्जा-वैजयंताच्या खोलीतून धप्पकन आवाज आला. मग भांडं पडल्यासारखं झालं. मग सर्जाचा दबका आवाज, दात चावून बोलल्यासारखा, “गप... गप... आईला ऐकू जाईल.”

मी हातात भाताच्या तुसाचं घमेलं घेऊन तशीच उभी. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. बऱ्याच वेळानं सर्जा बाहेर आला. घामानं निथळलेला, आणि उजव्या हाताच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं. फडक्यातून रक्त आलेलं.

“बोटाला काय झालं?”

“दारात सापडलं.”

दुपारी तो जेवताना फडकं सुटलं. दाराचा मार आणि दाताचा मार यातला फरक न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? बोटावर दातांची रांग उमटली होती. म्हटलं, पोरीनं जीव वाचवायला चावा घेतला असणार. मी कधी घेतला नव्हता. ही माझ्यापेक्षा धीराची म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी वैजयंताला न्हाणीघरापाशी गाठलं. ती चूळ भरत होती आणि चुळीचं पाणी लाल. हिरड्यांतून रक्त. तोंड पांढरंफटक, ओठसुद्धा पांढरे. लुगडं वर खोचलेलं होतं, तर नडगीवर तिळाएवढे तांबडे ठिपके, असे की कुणी शिंपडलेत. मारानं असले ठिपके होत नाहीत हे मला माहीत होतं. पण संशयाचं एकदा बस्तान बसलं की माणूस त्याला पटेल तेवढंच बघतं. ठिपक्यांकडं मी काणाडोळा केला आणि कमरेवरच्या नव्या डागाकडं बोट दाखवलं.

“वैजू, माझ्याकडं बघ. सर्जा मारतो तुला?”

ती अशी दचकली की हातातला तांब्या खाली पडला. “न्हाई वो आत्ती! काय बोलताय! ते देवमाणूस हायती.”

देवमाणूस! नेमका तोच शब्द.

“मग हे काय हाय?”

“पडले मी.”

“कुठं पडलीस?”

ती रडायला लागली. रडता रडता एकच धोशा, “आत्ती, त्यास्नी काय बोलू नका, त्यांचा काय बी गुन्हा न्हाई.” मार खाणारी बाई नवऱ्याला अशीच सांभाळते. मी सोळा वर्षं सांभाळला होता.

संध्याकाळी सर्जाला विचारलं. तो माझ्यावर जन्मात पहिल्यांदा डाफरला. “आई, आमच्या दोघांच्यात तू पडू नको. हात जोडतो.”

झालं. आणखी काय पुरावा पाहिजे? पोटचा गोळा तो. त्याला मी भट्टीच्या धगीत वाढवला, बापाची सावली पडू नये म्हणून देवापुढं पदर पसरला. आणि देवानं माझ्या पदरात हे टाकलं. त्या पोरीची रोज उतरत चाललेली कळा बघून मला वाटलं, हा एक दिवस तिला मारूनच टाकेल आणि मी बाजूला बसून लाह्या भाजत असेन. ते मी होऊ देणार नव्हते.

चिकोडीकडं माणसं भरून जीप नेणारा एक वडापवाला आमच्याकडनं चिरमुरे न्यायचा. त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “मगदुमांच्या दारात गाडी उभी कर आणि तातोबास्नी एवढंच सांग. पोरीला न्यायला या. का, कशाला, विचारू नका. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नको.”

आता या तातोबांविषयी सांगायला पाहिजे. गृहस्थ दर महिन्याला लेकीला भेटायला यायचे. धोतर, काळी टोपी, काखेत पितळी डबा. डब्यात डिंकाचे लाडू. डबा थेट लेकीच्या हातात. “हिच्या आईनं हिच्यासाठनं केल्यात, पोरीनं एकटीनंच खायाचं,” असं वर बजावून जायचे. अहो, एक लाडू विहिणीच्या हातावर ठेवायला काय गाठीचं जातं? पण नाही. वैजयंता तो डबा ट्रंकेत कुलपात ठेवायची आणि रोज रात्री जेवणानंतर आत जाऊन यायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, “एक चव तर बघू दे की गं.” तर तिच्या तोंडावर असं भय दिसलं की मीच ओशाळले. म्हटलं, चिक्कूपणा रक्तातच असेल त्यांच्या.

निरोप पोचला त्याच दिवशी तातोबा त्याच वडापनं आले. सोबत डबा होताच. वैजयंता पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, अंगात ताप. बापानं तिचा हात हातात घेतला, डाग बघितले, आणि जो काही आवाज लावला की अख्खी पेठ दारात जमा.

“मारून टाकली की रं माझ्या पोरीला! हैवानांनो! बघा वो, बघा समद्यांनी! ही सासू, आन् ह्यो तिचा ल्योक!”

सर्जाची कॉलर धरली त्यांनी. सर्जा नुसता वैजयंताकडं बघत राहिला. माझ्याकडं तर लोक असे बघत होते की भट्टीतला पेटता तूस मीच तिच्या अंगावर ओतला असावा. मी खाली मान घालून उभी. मनात म्हणत होते, बोला पाव्हणं, बोला. माझा बाप असं कधी बोलला नाही.

तेवढ्यात वैजयंता म्हणाली, “आप्पा, गप बसा...” आणि तिच्या नाकातून रक्त आलं. थेंब नव्हे, धार. पदर लावला, फडकं लावलं, डोक्यावर पाणी मारलं. थांबेना. तेव्हा मात्र मला कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. नुसत्या शब्दांनी कुणाच्या नाकातून रक्त काढता येत नाही.

त्याच वडापात घालून तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय सर्जाच्या. तातोबा पुढं बसून मागं वळून वळून आम्हाला शिव्या देत होते.

दवाखान्यात एक शिरोडकर म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा, आखूड केस, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नाकात बोळे घालून रक्त थांबवल्यावर त्यांनी पहिल्यांदा आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि वैजयंताला एकटीला विचारलं, कुणी मारलं का म्हणून. मग अंग तपासलं, नडगीवरचे ठिपके बघितले, रक्त काढून पाठवलं. दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. पोर ओरडली तेव्हा दाराबाहेर सर्जानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. जो बायकोला मारतो तो असे कान झाकतो का? माझ्या संशयाला पहिली चीर तिथं पडली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं.

“हे मारल्याचे डाग नाहीत,” त्या म्हणाल्या. “रक्त थांबवायला ज्या पेशी लागतात त्या हिच्या अंगात जवळजवळ उरलेल्याच नाहीत. नुसतं बोट दाबलं तरी काळं-निळं होईल. लाल पेशी कमी, तापाशी लढणाऱ्या पेशी कमी. हाडाच्या आत रक्त तयार होतं, तिथलं कामच थांबलंय. ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात याला.”

ते नाव मी तिथल्या तिथं पाठ केलं. पेठेत शंभर जणांना सांगायला लागणार होतं.

“म्हणजे भट्टी विझली,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. “हो. विझत आलीय. आता ती कशानं विझली ते मला शोधायचंय. कावीळ झाली होती का? शेतात फवारणीचं काम? रंग, थिनर, पंक्चरचं सोल्युशन, असल्या वासात बसते का? वैदूचं भस्म, काढा? अंगदुखीच्या पुड्या? कुठलीही गोळी, आत्ता किंवा गेल्या वर्षभरात? पुष्कळदा कारण सापडतच नाही, हेही सांगते. पण सापडलं तर आधी ते बंद करायचं. नाहीतर मी वरून रक्त चढवत राहीन आणि खालून फुटक्या घागरीसारखं चालू राहील. मुलगी हातची जाईल.”

तातोबा लगेच बोट रोखून माझ्याकडं वळले. “ह्यांच्या भट्टीचा धूर! टायरं जाळत असतील बघा!”

“तूस जाळतो आम्ही, तूस!” माझंही टाळकं फिरलं. “टायर जाळून लाह्या भाजल्या तर पंचमीला नाग तरी त्यास्नी तोंड लावील का? आन् तसं असतं तर मी कधीच मेले असते!”

“भांडू नका,” बाई म्हणाल्या. “औषधाचं सांगा. काही घेत होती? लग्नाआधी?”

“एक गोळी न्हाई,” तातोबा छातीवर हात ठेवून म्हणाले. “पोर माझी ठणठणीत. तिला शिंक म्हणून आलेली ठावं न्हाई.”

सर्जानं मान वर केली. तोंड उघडलं. तातोबांनी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं तोंड मिटून फरशीकडं बघायला सुरुवात केली. माझ्या नजरेतनं ते सुटलं नाही. या दोघांच्यात काय चाललंय? आत्ता काल एक जण दुसऱ्याची कॉलर धरून होता, आणि आज नजरेनं बोलतायत? माझ्या मनातला संशय जागचा उठला आणि दुसऱ्या दारात जाऊन बसला.

तिला रक्त चढवणं सुरू झालं. सर्जानं दिलं, मी दिलं, पेठेतल्या तालमीची पोरं येऊन देऊन गेली. पण ताप हटेना. तोंड आतून सोललेलं, पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मी कापसानं तिचे ओठ ओले करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नळावर भांडी विसळून परत आले तर तातोबा खाटेपाशी बसलेले. पाठ माझ्याकडं. मांडीवर पितळी डबा उघडा. आणि म्हणतायत, “घे माझी बाय, एवढं घे. न्हाई घेतलंस तर कसं हुईल?”

मी जागीच थांबले. पाण्याचा घोट उतरत नाही जिच्या घशाखाली, तिला हा माणूस लाडू खायला घालतोय?

चार पावलांत गेले आणि डबा ओढून घेतला. तातोबा “अवं, अवं” करत उठले. लाडू तसेच कोरडे, वाळून दगड झालेले, एकाला दात लावलेला नाही. मी डबा खाटेवर पालथा केला. लाडू गडगडले, आणि खालून मळक्या फडक्याची पुरचुंडी पडली. सोडली तर पांढऱ्या गोळ्या. ओंजळभर.

“हे काय हाय?”

तातोबांचं तोंड राखेसारखं झालं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले.

“विष हाय का?” मी ओरडले. “पाव्हणं, बोला! न्हाईतर सगळा दवाखाना गोळा करते!”

“फिटच्या गोळ्या हायत, आत्ती,” खाटेवरून वैजयंताच बोलली. आवाज विहिरीतून आल्यासारखा. “मला फिट येती. ल्हानपणापासनं.”

तातोबा मटकन खाली बसले आणि त्यांनी खरोखर माझे पाय धरले. पेठ गोळा करून मला हैवान म्हणणारा माणूस. “विहीणबाई, तीन ठिकाणची स्थळं मोडली वो हिची. एका ठिकाणी तर हळद लागायची बाकी हुती. फेफऱ्याची पोर कोण करून घेणार? वकील म्हणाला, लग्न झाल्यावर बी कळलं तर कायद्यानं सोडून द्येता येतं. म्हणून लपवलं. डब्याच्या बुडाला घालून महिन्याच्या गोळ्या पोचवत हुतो.”

“लहानपणापासनं ह्याच गोळ्या?”

मी डबा त्यांच्या पुढ्यात आपटला.

“न्हाई. ह्या नव्या. जुनीनं हिरड्या सुजायच्या, तोंडावर लव यायची. बघायला पाव्हणं येणार म्हणताना डाक्टरला सांगून बदलून घेतली. लग्नात पोर उजवी दिसावी म्हणून.” त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. “डाक्टर म्हणाला हुता, ही नवी हाय, अधनंमधनं रगात तपासून न्या. पर सासरी गेलेल्या पोरीला रगात तपासायला कसं न्हेयाचं? तुमास्नी काय सांगायचं?”

“आणि काल बाईंनी तोंडावर विचारलं तेव्हा?”

“तुमी हुबा हुता की तितं.”

मी उभी होते म्हणून. पोरगी मरायला टेकलीय, डॉक्टरीण खालची फुटकी जागा शोधतेय, आणि हा बाप विहीण उभी आहे म्हणून छातीवर हात ठेवून खोटं बोलला. आणि वर पुन्हा तीच गोळी तिच्या सोललेल्या तोंडात घालायला आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर समोर रडत होता तो बाप. त्याला वाटत होतं, गोळी चुकली तर सगळ्यांदेखत फिट येईल आणि लेकीचा संसार मोडेल.

मी पुरचुंडी मुठीत धरली आणि निघाले. तातोबा दारात आडवे झाले.

“विहीणबाई, पाया पडतो. बाईंना तेवढं सांगा, पर लिहून देऊ नका म्हणावं. कागदावर आलं तर तुमी पोर परत धाडाल.”

“परत धाडायला आधी ती जित्ती तर पाहिजे!” मी म्हटलं. “सरका बाजूला.”

शिरोडकरबाईंनी गोळ्या बघितल्या, वास घेतला, तातोबांकडून डॉक्टरचं नाव काढून घेतलं आणि फोनवर बोलल्या. मग आमच्याकडं वळल्या. चिडल्या असतील म्हटलं, तर नाही. दमल्यासारख्या दिसल्या.

“ही गोळी लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. लाखात एखाद्याच्या अंगावर अशी उलटते. हिच्या बाबतीत हेच झालं असेल, अशी माझी दाट शंका आहे. छातीठोक नाही सांगू शकत. आज बंद. फिटसाठी दुसरं देऊ. आणि काका, फिट येणं म्हणजे बाधा नाही की कलंक नाही. आजार आहे. लपवल्यानं तो बरा होत नाही.”

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. एकदा ताप इतका चढला की बाईंनी सर्जाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. पंचमी आली आणि गेली. ऐन सणात आमची भट्टी पेटलीच नाही त्या साली. पेठेतले लोक म्हणाले, शेवंताबाईनं सुनेला घालवली बहुतेक. म्हणेनात का.

तातोबा रोज यायचे, दाराबाहेर बाकावर बसायचे, आत यायचे नाहीत. एक दिवस मीच भाकरी नेऊन त्यांच्या हातात दिली. “आत बसा की. तुमची पोर हाय ती, माझी एकटीची न्हवं.”

गणपती उठले त्याच्या नंतरची गोष्ट. शिरोडकरबाई सकाळी कागद घेऊन आल्या आणि पहिल्यांदा हसल्या. “आजी, तुमच्या भट्टीत निखारा धरला बरं का. स्वतःचं रक्त तयार करायला लागलीय ही. वेळ लागेल, पण करतेय.”

मी खाली अंगणात आले. पायऱ्यांवर सर्जा दोन चहा घेऊन बसला होता. मी बसले. त्याच्या बोटावरचा व्रण अजून दिसत होता. मी त्याकडं बघतेय हे त्यानं बघितलं.

“तिला फिट आली पहाटे,” तो म्हणाला. “दातात जीभ जाईल म्हणून बोट घातलं. असं घालायचं नसतं म्हणे. बाईंनी सांगितलं परवा.”

“तुला ठावं हुतं.”

“लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. तिनं शपथ घातली, आईला सांगू नका. म्हणून तर भट्टीपुढं बसवू नको म्हणत हुतो. कढईत तोल गेला असता म्हणजे? आडावर, नदीत...” त्यानं चहाचा घोट घेतला. “बाईंनी विचारलं तेव्हा सांगणार हुतो. सासऱ्यांनी बघितलं आन् माझी जीभच उचलेना.”

मग त्यानं विचारलं, “आई, त्या दिवशी सासरे अवचित कसे आले? ते म्हणतात निरोप आला हुता.”

“मी धाडला.”

“तू? कशाला?”

खोटं बोलता आलं असतं. खोट्यानं काय होतं ते मी नुकतंच बघितलं होतं.

“मला वाटलं तू मारतोस तिला.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “मी?”

“मग काय वाटायचं? डाग, पहाटेची धडपड, ‘आईला ऐकू जाईल’. ती म्हणे पडले. मी असलं कधी बघितलं न्हाई व्हय? तुझ्या बापाच्या हाताखाली सोळा वर्षं मीच पडत हुते, कढईचा काठ मलाच लागत हुता.”

“म्हणून तू पोटच्या पोराविरुद्ध पाव्हण्याला निरोप धाडलास.”

“धाडला. आन् पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा धाडीन.”

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. त्यानं ग्लास पायरीवर ठेवला.

“मी निघालो हुतो एकदा,” तो म्हणाला.

“कुठं?”

“मामाच्या गावाला. दुसरीत हुतो. तुझं तोंड सुजलं हुतं, आन् तू तशीच भट्टीपुढं बसली हुतीस. म्हटलं मामाला सांगायचं, आईला न्यायला या. ओढ्यापर्यंत गेलो. ओढा भरून चालला हुता. पाणी उतरंल म्हणून काठावर बसून राहिलो. दिवस मावळला तरी उतरलंच न्हाई.”

मला ती संध्याकाळ आठवली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला होता आणि मी पदरानं त्याचे पाय पुसले होते.

“खेकडी धराय गेलतो म्हणालास की रं,” मी म्हटलं.

“मग काय सांगणार?”

माझा चहा तसाच निवला होता. सर्जानं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

“तुझा निरोप तेवढा पोचला,” तो म्हणाला. “बरं झालं.”

मग आम्ही उठलो आणि वर वैजयंतापाशी गेलो. तिला भूक लागली होती.